‘बेंगाल’ने ते जपानी जहाज बुडवलं की नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पणजोबा दापोलीकडचे, दुसऱ्या महायुद्धात ‘एचएमआयएस बेंगाल’वर होते. या एवढ्याशा जहाजाने एकट्याने जपानचं अवाढव्य जहाज बुडवलं, असं घरात तीन पिढ्या सांगितलं जातंय. आता तुमच्या वाचनात आलं की जहाज बुडालं ते बेंगालच्या तोफेने नव्हे, सोबतच्या डच टँकरच्या तोफेने. मग घरची गोष्ट खोटी का, आणि बाकीच्या युद्धात हे जहाज काय करत होतं?

मी नौदलात तोफखान्याच्या शाखेत होतो. निवृत्त झाल्यापासून जुन्या जहाजांच्या नोंदी लावण्यात बराच वेळ जातो. बेंगालबद्दल असे प्रश्न अधूनमधून येतात आणि जवळजवळ प्रत्येकाला ‘तोफ कुणाची’ हेच हवं असतं. ते सांगतो. पण तुमच्या घरासाठी त्याआधीचा एक प्रश्न आहे, तो तुम्ही विचारलेलाच नाही: 11 नोव्हेंबर 1942 ला पणजोबा जहाजावर होते का? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या घरातल्या कागदांत असेल. त्याकडे शेवटी येतो.

आधी जहाज. बेंगाल बाथर्स्ट वर्गातलं. ऑस्ट्रेलियाने युद्धकाळात या नमुन्याची 60 जहाजं बांधली, त्यातली चार आपल्याकडच्या रॉयल इंडियन नेव्हीसाठी: बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. बेंगाल सिडनीच्या कोकाटू गोदीतून 8 ऑगस्ट 1942 ला सेवेत आलं. लांबी साधारण 57 मीटर, वेग 15 नॉट. कागदोपत्री हे माइनस्वीपर, म्हणजे सुरुंग काढणारं जहाज. पेनंट नंबर, म्हणजे जहाजाचा ओळख-क्रमांक, जे-243, त्यातला ‘जे’ माइनस्वीपरचाच. खलाशी मात्र या वर्गाला सरसकट कॉर्व्हेट म्हणत, आणि यांच्या वाट्याला काम बहुतेक एस्कॉर्टचं येई: व्यापारी जहाजांच्या आगेमागे राहून त्यांना मुक्कामी पोचवायचं.

मूळ आराखड्यात चार इंची तोफ होती. युद्धात तोफांची टंचाई, म्हणून बेंगालला मिळाली बारा पौंडी, म्हणजे तीन इंची. तिच्यासाठी गोळे 40. पहिल्या प्रवासाला निघालेल्या जहाजाला एवढ्यावर समुद्रात सोडलं होतं, हे लक्षात ठेवा.

जाता जाता एक सांगतो, कारण ही चूक जवळजवळ प्रत्येक लेखात सापडते. ‘650 टनांच्या बेंगालने 10,400 टनांचं जहाज बुडवलं, म्हणजे सोळापट मोठं’ असा हिशेब करतात. हे दोन टन एकाच जातीचे नाहीत. युद्धनौकेचं टनेज म्हणजे ती जेवढं पाणी बाजूला सारते त्याचं वजन. व्यापारी जहाजाचं ग्रॉस टनेज म्हणजे आतल्या जागेचं माप, 100 घनफूट म्हणजे एक टन. एकाने दुसऱ्याला भागून काही हाती लागत नाही. फरक अफाट होता हे खरं, पण ‘सोळापट’ लिहू नका.

आता तो दिवस. डच टँकर ‘ओंडिना’ ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून इराणच्या आखातातल्या अबादानला तेल भरायला निघालं होतं, म्हणजे टाक्या रिकाम्या. वाटेत दिएगो गार्सिया बेट. बेंगाल त्याच वाटेने आपल्याकडे येत होतं, म्हणून त्याला सोबत दिलं. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, भर हिंदी महासागरात, दुपारच्या सुमारास दोन मोठी जहाजं दिसली: ‘होकोकू मारू’ आणि ‘आईकोकू मारू’. मुळात ही ओसाका शोसेन कंपनीची प्रवासी-मालवाहू जहाजं. जपानी नौदलाने त्यांच्यावर मोठ्या तोफा, टॉर्पेडो नळ्या आणि पाण्यावर उतरणारी विमानं चढवून त्यांना सशस्त्र क्रूझर केलं होतं. याच जोडीने त्या वर्षी ‘जेनोटा’ हा डच टँकर पकडला, ‘एलिसिया’ बुडवलं, ‘हौराकी’ पकडलं. वेग 21 नॉट. ओंडिनाचा 12, बेंगालचा 15. पळून सुटका नव्हती.

बेंगालचा कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन याने ओंडिनाला निघून जायला सांगितलं आणि बेंगाल सरळ शत्रूच्या दिशेने वळवलं. ओंडिनाचा कॅप्टन विलेम होर्समन मात्र पळाला नाही. आपल्याला पळता येणार नाही हा त्याचा हिशेब बरोबर होता. त्याच्याकडे चार इंची एक तोफ होती आणि 32 गोळे. ती चालवणारे डच, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे मिसळलेले. दोघांनीही होकोकू मारूवर मारा सुरू केला. थोड्याच वेळात एक गोळा तिच्या टॉर्पेडो नळ्यांवर बसला, आग लागली, आग पसरत मागच्या दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत गेली आणि जहाज फुटून बुडालं. त्यावर 354 माणसं होती, 76 गेली, त्यात तिचा कॅप्टन इमाझातोही होता. बाकीच्यांना आईकोकू मारूने उचललं.

पुढचा भाग घरच्या गोष्टीत बहुधा नसतो. बेंगालचे गोळे संपत आले, आईकोकूचे तडाखे बसले, तेव्हा ते धुराचा पडदा सोडून निघालं. विल्सनला वाटलं ओंडिना गेलं, आणि 17 नोव्हेंबरला दिएगो गार्सियाला पोचल्यावर त्याने तसाच अहवाल दिला. तिकडे ओंडिनाचे गोळे संपले होते, होर्समन मारला गेला होता, माणसं बोटींत उतरली होती. आईकोकूने ओंडिनावर टॉर्पेडो मारले, जहाज एका बाजूला कललं. बोटींवर मशिनगन चालवली, त्यात आणखी काही जण मेले. आता हे बुडणारच असं धरून आईकोकू निघून गेली. पण टाक्या रिकाम्या होत्या, म्हणून जहाज तरंगत राहिलं. वाचलेले पुन्हा वर चढले, दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन जहाज सरळ केलं आणि 18 नोव्हेंबरला फ्रीमँटलला परतले. वाटेत त्यांनी डॉक्टर मागणारा बिनतारी संदेश पाठवला, तेव्हा किनाऱ्यावर आधी विश्वासच बसेना. ओंडिना बुडाल्याचं बेंगाल कळवून मोकळं झालं होतं, मग हा संदेश शत्रूचा डाव तर नाही?

गंमत बघा. बेंगालचा अहवाल म्हणतो ओंडिना बुडालं. जपानी अहवालही तेच म्हणतो. आणि ओंडिना फ्रीमँटलच्या धक्क्याला लागलेलं. यात कुणी खोटं बोललं नव्हतं. धुरात, धावपळीत, काही हजार मीटरवरून जेवढं दिसलं तेवढं लिहिलं. जे लोक एवढं मोठं जहाज बुडालं की नाही हे बरोबर सांगू शकले नाहीत, त्यांनी ‘तो गोळा आमचा होता’ म्हटलं तर त्याला किती वजन द्यायचं, हे ठरवूनच पुढचं वाचायचं असतं.

तरी तोफखान्याचा माणूस म्हणून माझं मत सांगतो. दोन जहाजं एकाच लक्ष्यावर मारत असतील तर कुणाचा गोळा कुठे पडला हे ओळखणं फार कठीण. नेम लावणारा आपला गोळा पडल्यावर उडणारा पाण्याचा फवारा बघून पुढचा अंतर-बदल सांगतो. त्या फवाऱ्यांत दुसऱ्याचे फवारे मिसळले की दोघांचाही हिशेब बिघडतो. बारा पौंडी तोफेचा गोळा सहा किलोच्या आतबाहेर, चार इंचीचा त्याच्या दुपटीहून जास्त वजनाचा. मोठ्या जहाजाचं नुकसान करायला चार इंची अर्थातच बरी. उलट बाजूने, बेंगाल जवळ गेलं होतं, आणि अंतर कमी असलं की लहान तोफेचाही नेम बसतो. शिवाय उघड्यावर ठेवलेल्या टॉर्पेडोला पेटवायला मोठा गोळा लागतोच असं नाही, तापलेले तुकडे पुरतात. म्हणून ‘बारा पौंडीने हे शक्यच नव्हतं’ असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही.

पैज लावायची झालीच तर मी ओंडिनाच्या तोफेवर लावीन. तिचा गोळा जड होता आणि डच-ऑस्ट्रेलियन वृत्तांतांत लागलेल्या गोळ्यांचं वर्णन जास्त तपशिलाने येतं. आपल्याकडचे वृत्तांत साहजिकच बेंगालला श्रेय देतात. पण ही पैज आहे, निकाल नाही. पुरावा म्हणून होकोकू मारूचे अवशेष तपासायचे म्हटले तर ते खोल महासागराच्या तळाशी आहेत.

पण मला विचाराल तर श्रेयाचा हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी ठेवलाय. नौदलात एस्कॉर्टचं श्रेय कसं मोजतात ते बघा. 11 फेब्रुवारी 1944 ला कोलंबोहून कलकत्त्याला निघालेल्या जेसी-36 या कॉन्व्हॉयवर, म्हणजे एकत्र चाललेल्या जहाजांच्या ताफ्यावर, विशाखापट्टणमजवळ जपानी पाणबुडी आरओ-110 ने हल्ला केला. ‘एचएमआयएस जमना’ आणि ऑस्ट्रेलियाच्या ‘लाँसेस्टन’ व ‘इप्सविच’ या तीन जहाजांनी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकून ती बुडवली. श्रेय तिघांना मिळून नोंदलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेशेल्सजवळ जर्मन पाणबुडी यू-198 बुडाली, ते श्रेय ब्रिटिश ‘फाइंडहॉर्न’ आणि आपल्या ‘गोदावरी’चं मिळून. कुणाच्या डेप्थ चार्जने पाणबुडीचं पोट फुटलं हे कुणी विचारत बसलं नाही, कारण एका जहाजाने आवाज पकडून धरला नसता तर दुसऱ्याला टाकायला जागाच सापडली नसती.

बेंगाल-ओंडिनाचंही तसंच. बेंगाल शत्रूच्या अंगावर गेलं म्हणून जपानी मारा दोन लक्ष्यांमध्ये विभागला गेला आणि ओंडिनाच्या तोफेला नेम धरायला अवसर मिळाला. ओंडिना थांबून लढलं म्हणून बेंगालवर दोन्ही जहाजं पूर्ण ताकदीने तुटून पडली नाहीत. एस्कॉर्टला हुकूम असतो तो सोबतचं जहाज वाचवण्याचा. टँकर वाचला, शत्रूचं एक जहाज गेलं, आपलं स्वतःचं जहाज बंदरात आलं. मग शेवटचा गोळा कुणाचा हे मला तरी दुय्यम वाटतं. तुमच्या घरच्या गोष्टीतला ‘एकट्याने’ हा शब्द काढा, बाकीची गोष्ट जवळपास उभी राहते.

एक बाजू उलटीही आहे, ती लपवू नये. बेंगाल निघून गेल्यावर बोटींतल्या माणसांवर मशिनगन चालली. डच बाजूने याबद्दल कटुता असेल तर ती मला समजते. गोळे संपत आलेल्या, मार खाल्लेल्या जहाजाने थांबून काय केलं असतं, याचं उत्तर मात्र मला तरी सापडत नाही.

या एका दुपारचा परिणाम मोठा झाला. होकोकू गेल्यावर अशा सशस्त्र व्यापारी जहाजांची जपानी मोहीम हिंदी महासागरातून जवळपास गुंडाळली गेली. आईकोकूला मालवाहतुकीला लावलं आणि फेब्रुवारी 1944 मध्ये अमेरिकन विमानांनी तिला पॅसिफिकमधल्या ‘ट्रक’ बेटांच्या सरोवरात बुडवलं.

आता उरलेलं युद्ध. इथे तुमची निराशा होण्याची शक्यता आहे. बेंगाल दुरुस्त झालं, युद्ध संपेपर्यंत हिंदी महासागरात एस्कॉर्ट आणि गस्तीच्या कामावर राहिलं, पुढे भारतीय नौदलात ‘आयएनएस बेंगाल’ म्हणून 1960 पर्यंत होतं. बस्स. कादंबरी व्हावी असं दुसरं काही नाही. एस्कॉर्ट जहाजाचा इतिहास बहुतेक असाच असतो: अमुक बंदर सोडलं, तमुक कॉन्व्हॉयला मिळालो, पोचवलं, कोळसा-तेल, बॉयलर साफ करणं, पुन्हा निघालो. रात्री सगळे दिवे बंद, शेजारचं जहाज काळ्या ठिपक्यासारखं, त्याच्यापासून ठरलेलं अंतर राखत वेडीवाकडी वळणं घ्यायची. ॲस्डिकच्या, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या, खोलीतला माणूस चार तास कानाला हेडफोन लावून तोच आवाज ऐकत बसणार. संशय आला की डेप्थ चार्ज टाकायचे, आणि कित्येकदा खाली पाणबुडी नसून मासळीचा थवा किंवा देवमासा निघणार. ‘काही घडलं नाही’ अशी नोंद म्हणजे काम झालं असा अर्थ. माझा अनुभव असा की घरच्यांना ही नोंद रिकामी वाटते. मला ती सगळ्यात भरलेली वाटते, कारण त्या रात्री कॉन्व्हॉयमधल्या हजारो लोकांपैकी कुणी मेलं नाही.

नोंदी शोधताना दोन अडचणी येतील. ब्रिटिशांनी युद्धकाळातल्या लहान जहाजांची लॉगबुकं बहुतांश ठेवलीच नाहीत. त्यामुळे दिवसागणिक इतिहास एका वहीत मिळणार नाही, तो जोडावा लागतो: कॉन्व्हॉयच्या नोंदी, कप्तानांचे अहवाल, आणि ‘पिंक लिस्ट’ म्हणजे कुठलं जहाज कुठे आहे याची ठरावीक दिवसांनी निघणारी यादी. हे कागद लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. भारताशी संबंधित कारभारी कागद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या संग्रहात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. दुसरी अडचण कॉन्व्हॉयच्या आद्याक्षरांची. बीपी म्हणजे बॉम्बे ते इराणचं आखात, पीए म्हणजे आखात ते एडन, केआर म्हणजे किलिंदिनी (पूर्व आफ्रिकेतलं मोम्बासाचं बंदर) ते कोलंबो, जेसी म्हणजे कोलंबो ते कलकत्ता. ही एकदा पाठ झाली की नुसत्या यादीवरून जहाज त्या महिन्यात कुठे होतं ते कळायला लागतं.

आता पणजोबा. युद्धाआधी या नौदलात भरती बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यातून आणि पंजाबातून होई, तेव्हा दापोलीकडचे असणं अगदी जुळतं. 1939 मध्ये दोन हजारांच्या आत असलेलं हे नौदल 1945 पर्यंत तीसेक हजारांवर गेलं. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या दलात माणसं सारखी इकडून तिकडे बदलली जात. बेंगालवर ‘होते’ म्हणजे 1942 च्या पहिल्या प्रवासात होते, की 1944 मध्ये काही महिने होते, हे घरच्या आठवणीवरून ठरवू नका. नंतर आलेल्या खलाशांनीही ती लढाई जुन्यांकडून इतक्यांदा ऐकलेली असे की घरी सांगताना ‘आमच्या जहाजाने’ असंच सांगत, आणि ऐकणाऱ्यांच्या डोक्यात ते ‘आमच्या आजोबांनी’ होतं. यात फसवणूक नाही. आपलं जहाज म्हणजे आपलंच.

सेवापुस्तिका किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट सापडलं तर त्यात ओळीने जहाजांची नावं आणि तारखा असतील. वाचताना एक खबरदारी घ्या: त्यातली सगळी नावं तरंगणाऱ्या जहाजांची नसतात. ‘तलवार’ हे कुलाब्यातलं सिग्नल शिकवण्याचं केंद्र, ‘हिमालया’ कराचीचं तोफखान्याचं, ‘मछलीमार’ पाणबुडीविरोधी शिक्षणाचं, ‘डलहौसी’ मुंबईतला किनाऱ्यावरचा तळ. नौदलाच्या रिवाजात किनाऱ्यावरच्या ठाण्यालाही जहाजाचंच नाव. ‘आजोबा हिमालया जहाजावर होते, पण अशा जहाजाचा फोटोच मिळत नाही’ असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत. पुस्तिकेत ‘हिमालया’ दिसलं तर मी तरी खूश होईन, पणजोबा तोफखान्याचे असू शकतात.

पदकं असतील तर तीही बोलतात. बर्मा स्टार असेल तर बंगालच्या उपसागराच्या बाजूची सेवा झाली असण्याची शक्यता धरा. 1939-45 स्टार म्हणजे प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातली सेवा. नुसतं इंडिया सर्व्हिस मेडल असेल तर बराच काळ देशातल्या ठाण्यांवर गेला असावा.

आणि कागद अजिबात नसतील, पेन्शनही नसेल, आणि घरातले मोठे लोक 1946 चा विषय टाळत असतील, तर एक शक्यता मनात ठेवा. फेब्रुवारी 1946 मध्ये ‘तलवार’पासून नौसैनिकांचा संप सुरू झाला, मुंबईतून कराचीपर्यंत पसरला आणि नंतर अनेकांना काढून टाकलं. अशा घरांमधून कागद मुद्दाम फाडलेले किंवा लपवलेले मी पाहिलेत. तो नोकरीतला डाग समजला जात होता, आज कुणी तसं समजणार नाही. घरात विचारताना हे ध्यानात ठेवून हळू विचारा.

आता काय कराल ते सांगतो. आधी घरातली ट्रंक, मग पोस्टातली किंवा बँकेतली जुनी पेन्शनची पुस्तकं बघा. हवा आहे तो सर्व्हिस नंबर. तो मिळाला की मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये नौदलाचं ब्युरो ऑफ सेलर्स आहे, तिथे वारस म्हणून लेखी अर्ज करा. नंबराबरोबर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि भरतीचं अंदाजे साल लिहा. त्या काळी गावाचं स्पेलिंग मुन्शी लिहील तसं असे, तेव्हा दोन-तीन रूपं देऊन ठेवा. इतकी जुनी नोंद मिळेलच याची खात्री नाही, पण नंबराशिवाय अर्ज पुढे सरकणं फार अवघड. नंबर सापडला आणि तारखा कळल्या की इथे लिहा, त्या काळात बेंगाल कुठल्या कॉन्व्हॉयबरोबर होतं ते मी यादीतून काढून देतो.